माहेरच्या पोरांचं पाणी

आमच्या शाळेच्या कार्यालयात पाच टेबलं आहेत. रोज सकाळी शाळा भरायच्या आधी चंद्रव्वा टेबलावर पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवते आणि त्यावर झाकणी घालते. चार टेबलांवर ठेवते. पाचवं टेबल माझं, मुख्य लिपिकाचं. तिथे तिने तीन वर्षांत पाणी ठेवलेलं नाही. मला तहान लागली की मी उठतो, व्हरांड्यातल्या रांजणापर्यंत जातो, ओगराळ्याने पाणी घेतो आणि उभ्यानेच पितो. नवीन माणसाने विचारलं तर सांगतो, डॉक्टरांनी अधूनमधून चालायला सांगितलंय.

चंद्रव्वा मूळची मैंदर्गीची. घरी कानडी बोलते, शाळेत मराठी आणि रागावली की दोन्ही. तिचा नवरा आमच्याच शाळेत शिपाई होता. तो गेल्यावर संस्थेने तिला त्याच्या जागी घेतलं. पहिल्या दिवशी मी तिला किल्ल्या दाखवल्या, घंटा दाखवली, टपालवही दाखवली. सगळं बघून तिने एकच विचारलं, "आन् पाणी कोण भरतंय?"

"ज्याला वेळ असेल तो," मी म्हणालो.

"म्हंजे कोणच न्हाय," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून शाळेचं पाणी तिचं झालं.

शाळेच्या बोअरचं पाणी खारं आहे. ते हात धुवायला आणि झाडांना. प्यायचं पाणी नळाचं, आणि नळ सुटणार पाचव्या दिवशी. नळाच्या दिवशी ती उजाडायच्या आत येऊन टाकी, दोन रांजण आणि सहा घागरी भरून घ्यायची आणि पुढचा नळ येईपर्यंत ते पाणी आठशे पोरांना पुरवायची. कुणी ओगराळं भरून अर्धं प्यायलं आणि अर्धं ओतून दिलं की रांजणाशेजारून आवाज यायचा, "सांडू नगंस. तुज्या बापानं पाताळातनं आणलंय का?"

तिच्या मुलीचा मुलगा शिकायला तिच्याकडे होता. मुलगी मैंदर्गीतच दिलेली, पण पोरगं सोलापूरच्या शाळेत शिकावं म्हणून तिने ते चंद्रव्वाकडे ठेवलेलं. त्याच्या प्रवेशाच्या वेळी मी नाव विचारलं, तर तिने दाखला पुढे केला. "त्यात हाय. तुमीच वाचा." दाखल्यावर ईरप्पा होतं. आजोबाचं नाव नातवाला ठेवलेलं, म्हणजे नवऱ्याचं नाव, आणि ते तोंडाने घ्यायचं नाही. ती त्याला अप्पू म्हणायची. अप्पू आठवीत फुटबॉलच्या संघात गेला. उजव्या बाजूने असा पळायचा की चंद्रव्वा मधल्या सुट्टीची घंटा द्यायला विसरायची.

संघ अनिलकुमार सरांचा. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक, चाळिशीतले, कडक. त्यांनी शाळेला दोन वर्षं ओळीने उन्हाळी स्पर्धेचा कप आणून दिला होता. त्यांची शिट्टी ऐकली की पोरं ताठ व्हायची आणि पालक खूश व्हायचे. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी खेळाच्या खोलीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतला होता: मॅच संपल्याशिवाय पाणी नाही. पाणी प्यायलं की पोट जड होतं, पळताना कळ येते, पोरगं नाजूक होतं, असं ते सांगत. त्यांना त्यांच्या सरांनी तसंच शिकवलं होतं आणि त्यांना काही झालं नव्हतं, हा त्यांचा पुरावा.

तीन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. उपांत्य सामना आमच्याच मैदानावर होता. मैदान मुरमाचं. झाड एकच, उत्तरेच्या कडेला कडुनिंब. साडेदहाचं ऊन. मी वेळ नोंदवायला टेबलाशी होतो. मध्यंतराला चंद्रव्वा काखेत घागर घेऊन आली.

"मावशी, ते घेऊन जा," सर म्हणाले.

"सर, पोरांच्या तोंडाला कोरड पडली हाय."

"पोट जड झालं की पळणार कोण? तुम्ही?"

पोरं हसली. चंद्रव्वाने घागर खाली ठेवली आणि फुलपात्र बुडवलं. अनिलकुमार सरांनी पाऊल आडवं केलं आणि एखाद्याला पास द्यावा तशी बुटाच्या कडेने घागर लोटली. फार जोरात नाही. घागर कलंडली, गडगडली. मुरमावर काळा डाग पडला आणि आमच्या डोळ्यांदेखत वाळून गेला. पाचव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात भरली घागर पायाने लोटताना मी आयुष्यात दुसऱ्या कुणाला पाहिलेलं नाही. चंद्रव्वाने घागर उचलली, पदराने तिच्यावरची माती पुसली आणि ती कडुनिंबाखाली जाऊन बसली.

दुसऱ्या डावात अप्पूच्या पायात चेंडू आला. तो वळला आणि चेंडू घेऊन आपल्याच गोलाकडे निघाला. पळत नव्हता, चालत होता. आणि हसत होता. बघणारेही हसले. "ए, नाटक बंद!" सर ओरडले. अप्पू खाली बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. बोटांना नाडी सापडत नव्हती. मग तो आडवा झाला.

"ईरप्पा!"

चंद्रव्वाच्या तोंडून ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ती अनवाणी धावत होती.

त्या दिवशी आम्ही सगळं उलटं केलं. तो बेशुद्ध असताना कुणीतरी त्याच्या तोंडात पाणी ओतलं. घामाने चिकटलेल्या जाड जर्सीसकट त्याला रिक्षात घातलं आणि भर उन्हात पाऊण तास फिरवून आधी एका आणि मग दुसऱ्या दवाखान्यात नेलं. नऊ दिवस तो तिथे होता. लघवी कोऱ्या चहासारखी येत होती. अंग आतून इतकं तापलं की स्नायू फुटले आणि त्याची घाण मूत्रपिंडात जाऊन बसली, असं डॉक्टर म्हणाले. दोनदा यंत्रावर रक्त धुतलं. पोरगं वाचलं. पण यापुढे ऊन नाही, पळणं नाही, फुटबॉल तर नाहीच. मैंदर्गीहून मुलगी आली, तिने पोराचं सामान बांधलं आणि जाताना दारात म्हणाली, "अव्वा, तुझ्या भरवशावर ठेवला होता." एवढंच. चंद्रव्वा ते वाक्य पुढे महिनाभर झाडू मारताना स्वतःशीच पुटपुटायची.

दहाव्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं. संस्थेला अहवाल हवा होता. "शाळेच्या नावाचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "थोडक्यात लिहा." मी थोडक्यात लिहिलं. "सदर विद्यार्थी उपाशीपोटी खेळावयास आल्याने त्यास चक्कर आली. प्रशिक्षकांनी तत्काळ योग्य ती व्यवस्था केली." दोन वाक्यं. खाली सह्या.

पालकसभेत तो अहवाल वाचून दाखवला गेला. चंद्रव्वा दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. 'उपाशीपोटी' हा शब्द आला तेव्हा तिने मुख्याध्यापकांकडे पाहिलं नाही, अनिलकुमार सरांकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. सकाळी तिने त्याला दोन भाकऱ्या आणि शेंगाची चटणी खाऊ घालून पाठवलं होतं. शाळेच्या फाटकात पोरगं आडव्या हाताने तोंड पुसत आलेलं मी स्वतः बघितलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या टेबलावरचं फुलपात्र बंद झालं.

आमच्या कार्यालयातली कनिष्ठ लिपिक अंकिता तेव्हा नवीन होती. तिने एकदा विचारलं, "मावशी, तुम्ही वर तक्रार का नाही करत?"

"तक्रार कागदावर करावी लागती," चंद्रव्वा कपाट पुसत म्हणाली. "आन् कागद कोण लिवतं हितं?"

मी मान वर केली नाही.

"मग सोडून देणार?"

"सोडती व्हय! त्यानं माज्याकडं पाणी मागाय पायजे. तोंडानं. समद्या पोरांच्या म्होरं. त्या दिवशी माजं समाधान."

अंकिता हसली. तिला वाटलं, बाई दुःखात बोलते आहे. मला तसं वाटलं नाही. चंद्रव्वा नळाची वाट बघू शकणारी बाई होती.

दवाखान्यातले नऊ दिवस तिने फुकट घालवले नव्हते. तिथे अकबरी नावाच्या सिस्टर होत्या. चंद्रव्वाने त्यांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं होतं. ती शाळेत येऊन ते सगळं पाठ केल्यासारखं म्हणायची. तहान लागायची वाट बघायची नाही, तहान उशिरा कळते. खेळाच्या दोन तास आधी एक तांब्या, मग घोट घोट, दर पंधरा-वीस मिनिटांनी. एकदम ढसाढसा नाही, त्यानेच पोट दुखतं. घाम खूप गेला तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखर-लिंबू पाहिजे. लघवी लिंबाच्या सरबतासारखी असेल तर ठीक, काकवीसारखी झाली तर पोराला सावलीत बसवा. ओला टॉवेल मानेवर, काखेत, डोक्यावर. आणि पोरगं बरळायला लागलं, दिशा चुकायला लागलं, तर आधी तिथल्या तिथे गार करायचं आणि मग दवाखाना.

पुढच्या एप्रिलमध्ये स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिने रजेचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. अंकिताकडून लिहून घेतला होता. कारण: माहेरची माणसे आल्याने.

मी कार्यक्रमपत्रिका बघितली. आमचा पहिला सामना मैंदर्गीच्या शाळेशी होता. मी अर्जावर शिफारस लिहिली आणि आत पाठवला.

सकाळी आठला ती कडुनिंबाखाली होती. गोणपाटात गुंडाळलेल्या तीन घागरी घरच्या पाण्याने भरून तिने हातगाड्यावर आणल्या होत्या. फांदीला भिजवलेली दोन पोती टांगली होती, त्यामुळे वारा गार होऊन येत होता. पेठेतल्या ओळखीच्या यंत्रमागवाल्याकडून तिने बाद झालेले टॉवेलचे तुकडे आणले होते आणि ते बादलीत भिजत होते. मैंदर्गीची पोरं तिच्याभोवती बसली होती आणि ती कानडीत त्यांना दम देत होती. एकेकाला पुढे बोलावून पाणी पाजत होती आणि प्यायलेलं दिसेपर्यंत सोडत नव्हती.

पहिल्या डावात आमचा एक गोल झाला. दुसऱ्या डावात आमच्या पोरांचे पाय मुरमात रुतल्यासारखे झाले. मैंदर्गीची पोरं ताजी होती. तीन गोल झाले. अनिलकुमार सर ओरडून ओरडून घोगरे झाले. सामना संपल्यावर त्यांनी आमच्या पोरांना शिक्षा म्हणून मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्या. चंद्रव्वा फुलपात्रं विसळत ते बघत होती. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती. मी तिच्यावर चांगलेपणा लादणार नाही. ती समाधानाने बघत होती.

त्याच स्पर्धेतल्या पुढच्या साखळी सामन्यांत ती नातेपुत्याच्या आणि मग वेळापूरच्या पोरांकडेही बसली. आमच्याविरुद्ध जो असेल त्याच्याकडे. त्याच्या पुढच्या वर्षी वेळापूरने आम्हाला उपांत्य सामन्यात हरवलं, तेही दुसऱ्या डावात. तेव्हा अनिलकुमार सर मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं.

"ही आपली शिपाई, आपला पगार घेते आणि समोरच्या टीमला पाणी पाजते!"

"रजेवर आहे ती," मुख्याध्यापक म्हणाले. "माहेरच्या माणसांना पाणी देऊ नको म्हणून मी बाईमाणसाला कसं सांगू?"

"माहेर मैंदर्गी ना? वेळापूर कुठून आलं माहेर?"

चंद्रव्वाला बोलावणं गेलं. ती हात पुसत आली.

"वेळापूर तुमचं कोण लागतं, चंद्रव्वा?"

"माज्या नणंदेची जाऊ तितलीच की सायेब."

"आणि नातेपुते?"

"तितं आमची येडूमावशी दिल्याली हाय. लई जवळची."

"म्हणजे सगळा जिल्हा तुमचं माहेर!" सर ओरडले.

"हितनं गेलेल्या पोरी समदीकडंच हायत की सर. तुमाला पायजे तर तुमच्या पोरांना बी पाणी हाय. मी कवा न्हाय म्हनले? तुमी मागा, मी घागर आणून ठिवते."

 त्या दिवशी अनिलकुमार सरांना कळलं, की हिला काय हवंय. आणि त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं असावं, की मरेन पण मागणार नाही. फक्त मरायची पाळी त्यांची नव्हती, पोरांची होती. सरावात पाण्याच्या बाटल्यांवर बंदी आली. कुणाच्या दप्तरात सापडली तर झाडाला ओतली जाई.

संघात सोहेब नावाचा पोरगा होता, नववीतला, वडील टेंपो चालवतात. संघाचा सगळा भार त्याच्यावर. तो मधल्या सुट्टीत चोरून रांजणाशी यायचा आणि चंद्रव्वा त्याला पाणी द्यायची. फक्त सामन्याच्या दिवशी नाही.

या वर्षी आम्ही अंतिम सामन्यात पोचलो. समोर मैंदर्गी. हरलात तर संघ दुसऱ्याकडे देऊ, असं संस्थेने अनिलकुमार सरांना सांगून ठेवलं होतं. सामना सकाळी आठला ठरला होता. प्रमुख पाहुणे उशिरा आले, मग सत्कार, मग भाषणं. शिट्टी वाजली तेव्हा साडेअकरा झाले होते. माझ्या टेबलावर तापमापक होता. सावलीत बेचाळीस.

सुरू व्हायच्या आधी सोहेब कडुनिंबाशेजारून चालला होता. ओठ पांढरे.

"पाणी प्यालास का रं?" चंद्रव्वाने विचारलं.

"सरनं मना किया, मावशी."

"मंग सराला सांग मागाय."

तो उभा राहिला. घागरीकडे बघितलं, मागे सरांकडे बघितलं आणि निघून गेला. तिने त्याला हाक मारली नाही.

या वर्षी नियमात एक नवीन गोष्ट होती. दोन्ही प्रशिक्षकांची संमती असेल तर डावाच्या मध्यात पाण्यासाठी थांबायचं. पंचांनी विचारलं. मैंदर्गीच्या सरांनी हात वर केला. अनिलकुमार सर म्हणाले, "आम्हाला नको. खेळ चालू द्या."

मध्यंतरापर्यंत एक-एक. दुसऱ्या डावाच्या एकोणिसाव्या मिनिटाला सोहेबच्या पायात चेंडू आला. तो वळला आणि चेंडू घेऊन आपल्याच गोलाकडे निघाला. चालत. हसत.

लोक हसले.

मी कडुनिंबाकडे पाहिलं. चंद्रव्वा उभी राहिली होती. तिने घागर काखेत घेतली आणि चालत मैदानाच्या रेषेपर्यंत आली. रेषेला पाय न लावता थांबली. ती सोहेबकडे बघत नव्हती. अनिलकुमार सरांकडे बघत होती.

"ए सोहेब! डोकं फिरलंय का तुझं?" सर ओरडले.

सोहेब गुडघ्यावर आला. तो बुटाची नाडी शोधायला लागला.

माझा हात खेळ थांबवायच्या घंटेवर होता. समोर काय चाललंय ते त्या मैदानावर तीन माणसांना नेमकं माहीत होतं. चंद्रव्वाला, सरांना आणि मला. मी घंटा वाजवली नाही. वाट कसली बघत होतो, ते मला आजही सांगता येत नाही. घड्याळाचा काटा मात्र मी बघत होतो, सवयीने.

सरांनी सोहेबकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्यांचे ओठ हलले.

"ऐकू आलं न्हाय, सर," चंद्रव्वा म्हणाली.

"मावशी, पाणी!"

ती हलली नाही.

"मावशी, पाया पडतो तुमच्या! पाणी आणा!"

तेव्हा ती धावली. चाळीस सेकंद झाले होते.

पुढचं तिने असं केलं की जणू तीन वर्षं रोज त्याचा सराव केला होता. "हौदाकडं!" ती ओरडली. झाडांना पाणी घालायच्या सिमेंटच्या हौदात खारं पाणी भरलेलं होतं. "सर, पाय धरा त्याचं. बगता काय! धरा!" सरांनी पाय धरले. जर्सी टरकावून सोहेबला गळ्यापर्यंत पाण्यात उतरवलं. पाहुण्यांच्या सरबताचा बर्फ तिने गोणपाटासकट उचलून आणला आणि त्याच्या मानेला आणि काखेत लावला. मैंदर्गीची पोरं टॉवेल हलवून वारा घालत होती. एका पाहुण्याने ग्लास पुढे केला, तर तिने त्याचा हात झटकला. "शुद्धीत न्हाय त्याच्या तोंडात वतू नगा! मारताय का पोराला?"

रुग्णवाहिका आली तेव्हाही तिने लगेच नेऊ दिलं नाही. "आदी गार हू द्या. मंग न्या." बारा मिनिटांनी सोहेबने डोळे उघडले आणि विचारलं, "स्कोअर कितना हुआ?"

तो गेल्यावर तिने आमची उरलेली दहा पोरं कडुनिंबाखाली ओळीने बसवली. प्रत्येकाच्या मानेवर ओला टॉवेल टाकला आणि घोट घोट पाणी पाजत गेली. "हळू. ढसाढसा नगं. अजून हाय." अनिलकुमार सर तिथेच मातीत बसले होते. विजार गुडघ्यापर्यंत ओली, ओठ फुटलेले. त्यांनी हात पुढे केला.

"मावशी, मलाही. घोटभर."

चंद्रव्वाने घागरीत वाकून बघितलं. शेवटचं फुलपात्र तिने शेवटच्या पोराला दिलं. मग रिकामी घागर सरांच्या पुढ्यात आणून पालथी घातली.

"मॅच संपल्याशिवाय पाणी न्हाय, सर," ती म्हणाली.

पोरं हसली नाहीत. एकही नाही.

तो सामना संपलाच नाही. पंचांनी तो सोडून दिला आणि माझ्या नोंदीत तो 'अपूर्ण' म्हणून आहे.

सोहेब तिसऱ्या दिवशी घरी आला. लघवी स्वच्छ होती. वेळेवर गार केलं म्हणून वाचला, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. अनिलकुमार सरांकडून संघ काढून घेतला गेला आणि त्यांची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाखेत झाली. तिथे मैदान नाही. खेळाच्या खोलीतली ती ओळ चंद्रव्वाने स्वतः चुन्याने पुसली. एक हात मारून भागलं नाही, तिने तीन हात मारले.

अंकिताने तिला विचारलं, "मावशी, आता झालं का समाधान?"

"झालं की. लई दिसांनी भाकर ग्वाड लागली."

"अप्पूला सांगितलं?"

"सांगितलं. फोनवर." तिने फडकं पिळलं. "'मंग काय झालं, अज्जी?' म्हनला. चुलत्याच्या दुकानात बसतंय. गल्लीत पोरं खेळत असली तर पाठ करून बसतंय म्हनं." मग फडकं झटकत म्हणाली, "पर मला ग्वाड लागली. मी खोटं कशाला बोलू?"

या खेपेला अहवाल मागायच्या आधीच मी लिहून ठेवला होता. सहा पानं झाली. या वर्षीचं सगळं लिहिलं आणि तीन वर्षांपूर्वीचंही. ती दोन वाक्यं मी लिहिली होती आणि ती खोटी होती, हेही लिहिलं. मुख्याध्यापक म्हणाले, निवृत्तीला महिना राहिलाय, कशाला? मी सही करून आवक-जावकात नोंद घातली. मग चंद्रव्वाला बोलावून तिला तो वाचून दाखवला. ती उभ्यानेच ऐकत होती.

"सकाळी दोन भाकरी खाल्ल्या व्हत्या, ते लिवलंय?"

"लिहिलंय."

"शेंगाची चटणी?"

"तीही."

"आन् ह्या टायमाला मी रेषेवर थांबले, ते?"

"ते नाही लिहिलं. माझी घंटा वाजली नाही, एवढं लिहिलंय."

"का न्हाय? लिवा की. त्यानं मागावं म्हनून थांबले. पोराचं बरंवाईट झालं असतं तर ते माज्या माथ्यावर आलं असतं. ते बी घेतलं असतं मी. लिवा."

मी लिहिलं. तिने अंगठा नाही, सही केली. नवऱ्याच्या जागी लागली तेव्हा सही करायला ती माझ्याच टेबलाशी बसून शिकली होती. पण पूर्ण नाव लिहायचं म्हणजे मधलं नाव आलं, म्हणून ती नुसतं 'चंद्रव्वा' लिहिते. तेवढंच तिने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरा लवकर आलो. चार टेबलांवर फुलपात्रं होती. माझं टेबल कोरडं होतं. त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. तिने पुसून स्वच्छ मात्र केलेलं होतं, कागद सरळ रचलेले होते.

मी व्हरांड्यात गेलो. काल नळ येऊन गेला होता आणि चंद्रव्वा रांजणावर फडकं बांधत होती. मला बघून तिने फडकं सोडलं, झाकण बाजूला केलं आणि दोन पावलं मागे सरकली. मी ओगराळं बुडवलं.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "सांडू नका."